शेतकऱ्याच्या कमरेला चाकू असावा, पण कोणता?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

यंदा पोळ्याच्या आठ दिवस आधी आमच्या आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या गोठ्या-वस्तीवर, जे घडले, त्यामुळे हे पत्र लिहीत आहे. रात्रभर झालेल्या पावसाने गोठ्यात चिखल झाला होता. पहाटे धारा काढायला गेलो तेव्हा थोरला बैल खाली बसलेला, मान एका अंगाला ओढलेली आणि नायलॉनचे दावे पुढच्या पायाला दोन वेढे घेऊन गळ्याखाली आवळलेले दिसले. उठण्यासाठी तो जितका झटका मारी तितका फास घट्ट होई, आणि ताण बसलेली नायलॉनची गाठ बोटांनी सुटत नाही हे जनावरे सांभाळणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. माझ्या खिशात घडीचा चाकू होता. एका हाताने वेसण धरून दुसऱ्या हाताने मी तो काढला, परंतु चिखलाने आणि गंजाने त्याचा सांधा जाम झालेला होता. खाचेत नख घालून पाते ओढण्यासाठी दुसरा हात हवा होता आणि तो मोकळा नव्हता. शेवटी शेजारच्या आखाड्यावरचा सालगडी धावत आला, त्याने कमरेच्या म्यानातून वीतभरही नसलेली सुरी उपसली आणि दोन ओढींत दावे कापले. बैल वाचला. त्याच्या गळ्याखालचा वळ पोळ्याला शिंगे रंगवतानाही दिसत होता.

माझ्या आजोबांच्या चंचीत पान, सुपारी, चुना आणि अडकित्ता यांच्याबरोबर एक छोटी सुरी कायम असे आणि तिच्याबद्दल कोणी चकार शब्द काढीत नसे. आज मात्र चाकू म्हटले की लोकांना हाणामारीची बातमी आठवते. त्यामुळे कामाचा माणूस चाकू बाळगायला कचरतो, आणि बाळगलाच तर आठवडी बाजारात जो चकचकीत दिसेल तो उचलून आणतो. लहान, न मिटणारा, म्यानात नीट बसणारा चाकू हे खुरप्याइतकेच साधे अवजार आहे, असे माझे ठाम मत आहे. मात्र तो निवडताना आधी म्यान, मग मूठ आणि त्यानंतर पाते पाहावे. बहुतेक लोक नेमके याच्या उलट करतात आणि मीही पूर्वी तेच केले होते.

या चाकूला दिवसभर कोणती कामे पडतात याचा विचार केला तर त्याचे माप आपोआप ठरते. खताच्या गोणीचा टाका उसवणे, कडब्याच्या पेंढीचा बंद तोडणे, ठिबकची नळी सरळ कापून जोड बसवणे, सोयाबीनच्या गंजीवर घातलेल्या ताडपत्रीची दोरी कापणे, मोसंबीच्या खोडावर डिंक्या (खोडातून डिंक गळण्याचा रोग) दिसला की रोगट साल निरोगी भागापर्यंत खरवडून काढणे आणि मग तेथे बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा लेप) लावणे, ही ती कामे. यांतल्या एकाही कामाला चार बोटांपेक्षा लांब पाते लागत नाही. फांदी तोडायला कोयता आहे, गवताला विळा आहे, तणाला खुरपे आहे. कमरेच्या चाकूने फांद्या तोडू पाहणारा माणूस चाकूही मोडतो आणि हातही कापून घेतो. म्हणून तीन ते साडेतीन इंचांचे पाते, चार ते साडेचार इंचांची मूठ आणि म्यानासह दीडशे ग्रॅमच्या आत वजन, एवढे माप मी पुरेसे मानतो. जड चाकू पहिल्या आठवड्यात हौसेने कमरेला लागतो आणि दुसऱ्या आठवड्यात खुंटीवर जातो. हाताशी नसलेल्या चाकूचा बैलाला काही उपयोग नाही. थंड हवामानाच्या फिनलंडमध्ये पुक्को नावाचा असाच आखूड, न मिटणारा चाकू कमरपट्ट्याला लावण्याची जुनी ग्रामीण रीत आहे आणि तोही मुख्यतः लाकूड तासण्याचा, मासे व शिकार साफ करण्याचा कामाचा चाकू आहे. मुलूख कोणताही असो, रोजच्या वापराने त्याचे पाते आखूडच राहिले, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते.

मुठीबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण त्याची किंमत मी मोजली आहे. सहा-सात वर्षांपूर्वी मी बाजारातून एक सरळ पात्याचा चाकू घेतला होता. गोल, रंगवलेली, गुळगुळीत लाकडी मूठ आणि आरशासारखे पाते. उन्हाळ्यात एके दिवशी पेंडीच्या पोत्याचे तोंड कापताना हिसका बसला आणि मूठ हातात राहून पाते पोत्यात रुतून बसले. ते उपसल्यावर कळले की पात्याचा जेमतेम इंचभर भाग मुठीत शिरलेला होता आणि तो लाखेने चिकटवलेला होता. वैशाखाच्या उन्हात लाख मऊ पडते, आणि मोटारसायकलच्या डिकीत तर काय होत असेल ते सांगायला नको. त्या क्षणी माझा हात पात्यावर घसरला नाही, हे नशीबच. तेव्हापासून मी मूठ पाहतो ती अशी की, पात्याचे लोखंड मुठीच्या दुसऱ्या टोकापर्यंत गेले आहे का, ते दोन्ही बाजूंच्या लाकडी पट्ट्यांच्या मधोमध उघडे दिसते का, आणि पट्ट्या किमान दोन पितळी रिबिटांनी जखडलेल्या आहेत का. लाकूड बाभळीचे असले तर उत्तम, कारण आपल्या बैलगाडीच्या चाकांना आणि अवजारांच्या दांड्यांना टिकणारे हे लाकूड चाकूच्या मुठीलाही टिकते. त्यावर आरशासारखी झिलई मात्र नको. घामाने किंवा तेलकट औषधाने ओला झालेला हात गुळगुळीत मुठीवर थांबत नाही. पात्याकडील टोकाला मूठ थोडी फुगीर असावी, म्हणजे पुढे जोर लावताना तर्जनी धारेवर घसरत नाही. चारही बोटे मुठीवर मावली पाहिजेत. करंगळी बाहेर राहत असेल तर तो चाकू आपल्यासाठी नाही, मग तो कितीही सुबक असो. पोकळ मुठीत होकायंत्र आणि काडेपेटी ठेवण्याची सोय असलेले जे चाकू हल्ली मोबाईलवर दाखवतात, त्यांच्यात पाते आणि मूठ यांचा सांधाच सर्वांत कच्चा असतो. शेतकऱ्याने त्यांच्या वाटेला जाऊ नये.

म्यानाचे महत्त्व माझ्या पुतण्याच्या मांडीवर उमटलेले आहे. कापूस वेचताना तो वाकला आणि रेक्झिनच्या म्यानातून टोक बाहेर येऊन मांडीत शिरले. तीन टाके पडले. पाते कितीही चांगले असले तरी कापडी, रेक्झिनची किंवा पातळ चामड्याची पिशवी म्हणजे म्यान नव्हे. जाड चामड्याचे म्यान करून घ्यायचे असेल तर धारेच्या बाजूला दोन थरांच्या मध्ये चामड्याची एक अरुंद पट्टी घालून मगच शिवायला सांगावे, म्हणजे धार टाक्यांना लागत नाही आणि दोरा कापला जात नाही. बाभळीच्या सालीने कमावलेले चामडे मिळाले तर घ्यावे, कारण क्रोमने कमावलेल्या चामड्यातील क्षारांमुळे लोखंडाला गंज लवकर चढतो. चामडे ओलावाही धरून ठेवते, म्हणून रात्री चाकू म्यानाबाहेर काढून, पुसून ठेवावा.

मी स्वतः आता वेगळेच म्यान वापरतो. पाइपलाइनच्या कामातून उरलेला पीव्हीसी पाइपचा तुकडा चुलीच्या आचेवर, ज्योतीला लागू न देता, मोकळ्या हवेत मऊ केला, दोन फळ्यांमध्ये दाबून चपटा केला आणि पात्याभोवती जुन्या वहीच्या पुठ्ठ्याचा एक पापुद्रा गुंडाळून, कोमट असतानाच चाकू आत दाबून त्याला आकार दिला. थंड झाल्यावर पुठ्ठा काढला. चाकू आत गेला की टच्च आवाज येतो आणि उलटे धरून झटकले तरी तो पडत नाही. तळाशी खिळ्याने एक भोक पाडले आहे. पावसाचे पाणी तेथून निघून जाते. ज्याला हा खटाटोप करायचा नाही त्याने दुकानात एवढीच एक परीक्षा घ्यावी: चाकू म्यानात घालून म्यान उलटे धरावे आणि तीन वेळा जोरात झटकावे. पडला तर घेऊ नये.

म्यान कमरेला कोठे लावायचे, हाही विचार करण्याचा भाग आहे. उजवा हात चालणाऱ्याने ते उजव्या बाजूला, खुब्याच्या हाडाच्या किंचित मागे लावावे. पोटासमोर लावले तर वाकताना मुठीचे टोक पोटात आणि म्यानाचे टोक जांघेत रुतते. पाठीच्या कण्यावर आडवे लावण्याची फॅशन काही तरुणांत दिसते. ती फार धोक्याची आहे, कारण बांधावरून किंवा ट्रॅक्टरवरून पाठीवर पडलो तर तीच टणक वस्तू थेट मणक्यावर आदळते.

आता पात्याकडे येतो. जालन्याच्या पोलाद कारखान्यांमुळे आपल्याकडे सळई मुबलक आहे आणि सळईच्या तुकड्याचा चाकू ठोकून देणारेही भेटतात. परंतु बांधकामाच्या सळईत कार्बनचे प्रमाण मुद्दामच कमी, साधारण ०.३ टक्क्याच्या आत ठेवलेले असते, कारण तिला वाकवायचे असते. अशा लोखंडाला कितीही पाणी पाजले, म्हणजे तापवून एकदम थंड केले, तरी धार टिकण्याइतका कडकपणा येत नाही. ट्रकच्या किंवा ट्रॉलीच्या कमान पाट्यात (धक्के झेलणाऱ्या स्प्रिंगच्या पट्टीत) कार्बन साधारण अर्धा ते पाऊण टक्क्याच्या आसपास असतो आणि म्हणूनच जुने कारागीर विळ्या-कोयत्यांसाठी पाटा मागतात.

गणपती उठल्यावर, सोयाबीन काढणीच्या तोंडावर, आमच्या गावाबाहेर एका घिसाडी, म्हणजे फिरत्या लोहार, कुटुंबाचे पाल पडले होते. त्यांच्याकडे मी मोडलेल्या ट्रॉलीच्या पाट्याचा एक तुकडा घेऊन गेलो आणि तीन तास तेथेच बसून राहिलो. नवऱ्याने सांडशीने तुकडा धरला होता आणि बायको घण घालत होती. तिचा एकही घाव नवऱ्याने हातोडीने दाखवलेल्या जागेबाहेर पडला नाही. बोटभर जाडीचा पाटा तीन मिलिमीटरपर्यंत पातळ होईपर्यंत त्यांनी तो किती वेळा विस्तवात घातला, हे मी मोजायचे सोडून दिले. पाणी पाजण्याआधी त्याने तापलेल्या पात्याला लोहचुंबक लावून पाहिला. चुंबक चिकटेनासा झाला की पोलाद पाणी घेण्याजोगे तापले, ही त्याची खूण. मग त्याने पाते पाण्यात न घालता इंजिनाच्या जुन्या तेलात बुडवले. मी विचारले तेव्हा म्हणाला, “पाट्याचं पातळ पान पाण्यात तडकतं, दादा.” त्यानंतर कानस फिरवून दाखवली, ती काचेवरून घसरावी तशी घसरली. पण इतके कडक पाते तसेच वापरले तर खिळ्यावर आपटताच त्याची कपची उडते. म्हणून एक बाजू घासून पांढरी केली आणि पाते पुन्हा निखाऱ्यांजवळ, पाठीच्या बाजूने, हळूहळू तापवले. घासलेल्या भागावर आधी फिकट, मग गव्हाच्या काडीसारखा पिवळा रंग चढला आणि त्याच क्षणी त्याने ते बाजूला घेतले. तो रंग निळ्यावर गेला असता तर चाकू मऊ पडला असता. या कामाचे त्याने साडेचारशे रुपये मागितले. मी पाचशे दिले आणि तेही कमी होते, असे आज वाटते. जुन्या पाट्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा असू शकतात, हे मात्र लक्षात ठेवावे. अनेक वर्षे ओझे वाहिलेल्या पाट्याचा, विशेषतः भोकाजवळचा भाग घेऊ नये.

स्टेनलेस घ्यावे की साधे पोलाद, हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. स्टेनलेस म्हणवण्यासाठी पोलादात किमान १०.५ टक्के क्रोमियम लागते आणि त्यामुळे गंज कमी चढतो. मोसंबी, लिंबू किंवा आंब्यात ज्याचा सगळा दिवस जातो किंवा ज्याचा हात औषध फवारणीने सतत ओला असतो, त्याने चांगल्या कारखान्याचे स्टेनलेस घ्यावे. साध्या पोलादाचे पाते आंबट फळ कापताच काळवंडते. तो काळा थर अपायकारक नाही, तांबडा गंज मात्र लगेच पुसून काढला पाहिजे. माझी पसंती साध्या पोलादालाच आहे, कारण निसण्यावर (धार लावायच्या दगडावर) दहा-बारा हात फिरवले की त्याला पुन्हा धार येते आणि हे काम बांधावर बसून करता येते. दोऱ्या कापायच्या असतील तर फार गुळगुळीत धारही लावू नये. जरा खरबरीत दगडावर लावलेली धार नायलॉनमध्ये अधिक चांगली शिरते. तेल लावायचे तर खोबरेल किंवा शिवणयंत्राचे लावावे. आपल्याकडे घरोघरी करडईचे तेल असते, पण ते वाळून चिकट होते आणि पाते म्यानात चिकटून बसते.

टोकाविषयी माझे मत बैलाच्या प्रसंगाने पक्के झाले. सालगड्याच्या सुरीची धार सरळ होती आणि पाठ टोकाशी खाली वळून धारेला मिळत होती, म्हणजे टोचणारे अणकुचीदार टोक तिला नव्हतेच. गळ्याखाली दावे कातडीत रुतलेले असताना टोकदार चाकू घुसवला असता आणि बैलाने मान झटकली असती, तर दाव्याआधी नस कापली गेली असती. जनावरे सांभाळणाऱ्याने असेच बोथट नाकाचे पाते घ्यावे. दोन्ही बाजूंना धार असलेला चाकू तर कोणीच घेऊ नये. पाठीवर अंगठा टेकवून जोर देता येत नाही आणि कामाचे अवजार ही त्याची ओळखही राहत नाही.

येथेच एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. कमरेला चाकू असला की साप चावलेल्या जागी चिरा देऊन रक्त काढावे, असे अजूनही कित्येकांना वाटते. कृपया असे कोणीही करू नये. चिरा दिल्याने विष बाहेर येत नाही. रक्तस्राव आणि जंतुसंसर्ग मात्र वाढतो, आणि घोणस चावली असेल तर रक्त गोठण्याची क्रियाच बिघडलेली असल्याने ती जखम थांबता थांबत नाही. रुग्णाला हालचाल करू न देता, न चालवता, लवकरात लवकर प्रतिविष मिळणाऱ्या रुग्णालयात न्यावे.

कायद्याबाबत आपल्या वाचकांत बराच गोंधळ आहे. केंद्र सरकारच्या २०१६ च्या शस्त्र नियमांत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची धारदार हत्यारे शस्त्रांच्या वर्गवारीत धरली असून, घरगुती, शेती, वैज्ञानिक किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेली साधने त्यातून वगळली आहेत. म्हणजे साडेतीन इंचांचा शेतीचा चाकू त्या मापाच्या जवळपासही जात नाही. परंतु एवढ्यावर निर्धास्त होऊ नये. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ खाली सण, निवडणुका किंवा आंदोलनाच्या काळात मनाई आदेश निघतात आणि त्यांत सुऱ्या, काठ्या यांसह इजा करता येईल अशी कोणतीही वस्तू सार्वजनिक ठिकाणी बाळगण्यास बंदी असू शकते. आमच्या भावकीतील एकाला असाच अनुभव आला. शेतातून थेट तालुक्याला गेला, कमरेचा चाकू काढायचा विसरला आणि तपासणीत तो जप्त झाला, शिवाय अर्धा दिवस बसावे लागले. चाकू कामाचा होता, पण ते ठिकाण कामाचे नव्हते. नांदेडला तख्त सचखंड श्री हजूर साहिब असल्याने आपल्याला कृपाण परिचित आहे. शीख बांधवांचा कृपाण धारण करण्याचा हक्क राज्यघटनेच्या अनुच्छेद २५ च्या स्पष्टीकरणात नमूद आहे. आपल्या कामाच्या चाकूला तसे संरक्षण नाही. म्हणून शिवार सोडताना तो म्यानासह काढून आखाड्यावर किंवा घरी ठेवावा. मी मोटारसायकलला किल्ली लावण्याआधी उजवा हात कमरेवर नेतो, ही सवय आता अंगवळणी पडली आहे. आणि खटक्याने उघडणारा बटनाचा चाकू तर शेतातही नको, त्याचे शेतीत कोणतेही काम नाही.

शेवटी एक उणीव मांडतो. कापूस वेचणी, खुरपणी आणि सोयाबीन काढणी यांत आपल्या शिवारात स्त्रियाच अधिक राबतात, पण त्यांच्या हाताच्या मापाची मूठ आणि साडीवर लावता येईल असे म्यान मला एकाही दुकानात मिळाले नाही. पट्ट्यासाठी शिवलेले बंद त्यांच्या उपयोगाचे नाहीत. माझ्या पत्नीसाठी मी त्याच घिसाड्याकडून साडेतीन इंचांच्या मुठीचा, अडीच इंच पात्याचा चाकू करून घेतला आणि म्यानाला परकराच्या नाडीत अडकणारा कडक आकडा लावला. चार महिला मजुरांनी तो पाहून आपल्यालाही हवा असे सांगितले, तोपर्यंत पाल उठून पुढच्या गावाला गेले होते. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने शेतकरी महिलांसाठी अवजारे सुचवताना या लहानशा चाकूचाही विचार करावा, आणि अशा फिरत्या कारागिरांना कृषी प्रदर्शनांत विनाशुल्क जागा मिळावी, अशी माझी विनंती आहे. आपल्या दैनिकानेही ९ इंच आणि २ इंचांचा नियम व मनाई आदेशाची माहिती कृषी पुरवणीत एकदा ठळक चौकटीत छापावी. आमच्या आखाड्याच्या भिंतीवर ती चिकटवायला मी जागा राखून ठेवली आहे.

आपला नम्र,
एक शेतकरी वाचक,
ता. सेलू, जि. परभणी